टाकीची चौथी पायरी

“काढलं काहून मले? काढलं काहून?”

माझ्या दारात उभा राहून शेजारी ओरडत होता. भर दुपार. गावातली झाडून सगळी कुत्री सावलीला झोपली होती, ती उठली आणि माझ्या दारासमोर रांगेनं येऊन बसली. बाजूच्या गोठ्यातल्या म्हशीनं पुढचे दोन दिवस दूध दिलं नाही. शेलूबाजारच्या हायवेवर एक ट्रक आपोआप थांबला असंही नंतर कानावर आलं, पण त्याची खात्री मी देत नाही. म्हशीची देतो.

हातातला मोबाईल त्यानं फावड्यासारखा उगारला होता.

“गावाच्या ग्रुपातून काढलं मले. सकाळी होतो, आता नाही. कोनं काढलं?”

गावाच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. काढणारा मीच. दोन तासांपूर्वी, खाटेवर पाय पसरून, उजव्या हाताच्या अंगठ्यानं. आणि ज्याला काढलं तो माझा चाळीस वर्षांचा दोस्त. आमच्या घरांमध्ये एक गल्ली आणि शेतांमध्ये एक धुरा, म्हणजे मधला बांध, एवढंच काय ते अंतर.

“मी नाही बे,” मी म्हणालो. “कंपनीनं काढलं.”

“कोनती कंपनी?”

“ज्याइची मशीन हाय ते. तिकडं जागा भरली. लिवलेल्या मेसेजले जागा कमी लागते, आवाजाले जास्त. आन तुया आवाजाले तर गोडाऊन पायजे. सगळ्या जिल्ह्यातून मोठ्या आवाजाचे लोक काढून राह्यले. मेडशीचे चार गेले. वाशीमचा एक वकील गेला.”

मग मोबाईल खाली आला.

“जागा झाली का घालशील?”

“पयला नंबर तुया.”

“हाव,” तो म्हणाला आणि गेला. तापलेल्या रस्त्यावरून, अनवाणी. चपला घालायचंही त्याला सुचलं नव्हतं.

हे प्रकरण कळायचं तर आधी माझा बूथ सांगावा लागेल.

मोबाईल यायच्या आधी आमच्या गावात एकच फोन होता आणि तो माझ्याकडे होता. फाट्याजवळ पत्र्याची खोली, आत काचेची केबिन, वर पिवळी पाटी. गावची निम्मी माणसं हंगाम सरला की बाहेर. कुणी ऊसतोडीला, कुणी विटांच्या भट्टीवर, कुणी सुरतेला. ती तिकडच्या बूथवरून माझ्या बूथवर फोन करायची आणि म्हणायची, “काका, मायले बलावून ठेवा, धा मिनिटांनी परत लावतो.” आता दहा मिनिटांत माय आणायची कुठून? ती तिकडे लांब तुरीत निंदायला बसलेली. त्यासाठी होता शेजारी.

बूथच्या मागं पाण्याची टाकी आहे. तिच्या लोखंडी जिन्याच्या चौथ्या पायरीवर तो चढायचा. तिसरीवरून आवाज घरांत अडकतो आणि पाचवीवरून ढगात जातो, असा त्याचा शोध होता. चौथीवरून तो पत्र्यांवरून घसरत नेमका शिवारात उतरतो. तिथं उभा राहून तो हाक द्यायचा, “ओऽऽ खालच्या वस्तीच्या वैनीऽऽ, पोराचा फोन हायेऽऽ, सुरतेहूनऽऽ.” मग शांतता. आणि मग कुठून तरी, तुरीच्या पोटातून, सुईएवढा बारीक “ओऽऽ” यायचा. तो कानावर पडला की हा खाली उतरायचा. पडला नाही तर उतरायचा नाही. ओ आल्याशिवाय पायरी सोडायची नाही हा त्याचा कायदा होता, आणि त्याला पावसात भिजत उभं राहिलेलं मी पाहिलं आहे.

त्याच्या आवाजाबद्दल मी जे सांगतो ते कमीच आहे. एकदा धुऱ्याच्या भांडणात आम्ही वाशीमच्या कोर्टात गेलो होतो. पुकारा करणाऱ्या शिपायाचा घसा बसला होता, म्हणून ह्यानं आपलं सहज त्याच्या हातातला कागद बघून एक नाव पुकारलं. त्या नावाचा माणूस अकरा वर्षं तारखेला येत नव्हता. तो आला. तो आला आणि त्याच्या मागं ज्यांना कुणी बोलावलंच नव्हतं असे तीन जण हात जोडून आले. स्टेशनवर गाडीत बसलेले दोघं उतरून आले म्हणतात.

केबिनमध्ये बोलायचीसुद्धा एक रीत होती आणि तीही त्यानंच शिकवलेली. गाव जितकं लांब तितका आवाज मोठा. अकोल्याला घरातल्यासारखं बोलायचं, पुण्याला शेतातल्यासारखं, सुरतेला काच थरथरली पाहिजे. तार लांब आहे, आवाज वाटेत झिजणार, तर इथूनच जास्तीचा भरून पाठवायचा. त्यामुळे गावात कुणाचं काही गुपित राहिलं नाही. आता लोक ज्याला पोस्ट टाकणं म्हणतात ते आम्ही काचेच्या केबिनीतून करत होतो, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या बाया लाईक म्हणून माना हलवत होत्या. पाच-पंचवीस माणसं सकाळपासून तिथं असायचीच. कुणाचा फोन यायचा असो नसो. मला चहा एकट्यानं प्यायची वेळ बारा वर्षांत आली नाही.

आता माझं काम. कधी दहा मिनिटांत माय पोचायची नाही, कधी लाईन तुटायची. मग निरोप मी घ्यायचो आणि मी द्यायचो. भट्टीवरून एखादा पोरगा एवढंच म्हणायचा, “पोचलो म्हनून सांगा.” एवढंसं घेऊन ती बाई चार मैल परत चालत जाणार? मी सांगायचो, पोचला, पाय दुखत नाहीत, तू दिलेले लाडू गाडीतच संपले, मुकादमानंसुद्धा एक खाल्ला आणि विचारलं हे कोणाच्या हातचे, तर पोराच्या डोळ्यात पाणी आलं. बाई पदरानं डोळे पुसत जायची, आणि जाताना अशी चालायची जशी तिच्या लग्नाच्या वरातीतही चालली नसेल.

ती गेली की शेजारी टाकीवरून उतरून यायचा, माझ्या बाजूला बसायचा आणि हळूच विचारायचा. होय, त्याला हळू बोलता यायचं, फक्त माझ्याशी.

“याच्यातलं त्याचं किती आन तुयं किती?”

“त्याचं एक. मायं पंधरा.”

मग आम्ही पोट धरून हसायचो. रोजचा खेळ होता तो.

मग टॉवर आला. आधी एका घरात मोबाईल, मग दहा घरांत, मग एक दिवस बूथवर बसल्या बसल्या मी पाहिलं, तर निंदायला चाललेल्या बाईच्या कमरेला विळा आणि मोबाईल शेजारी शेजारी खोचलेले. पैसे वाचवायला लोकांनी मिस कॉलची भाषा काढली. शेतातून एक रिंग आली की भाकर आणा, दोन आल्या की लाईट गेली, घरून तीन गेल्या की पाहुणे आलेत, लवकर या. एका घरात मोजण्यात चूक झाली आणि भाकर, मेकॅनिक आणि व्याही असे तिघंही एकदम बांधावर पोचले. मी केबिन विकायला काढली, कुणी घेतली नाही. आता तिच्यात कोंबड्या असतात. काचेला चोच लावून त्या रस्त्याकडे बघत बसतात, कुणाचा तरी फोन येणार असल्यासारख्या.

माझी बायको नातू झाला म्हणून दोन महिन्यांसाठी पुण्याला पोराकडे गेली. नातू आता शाळेत जातो. रोज व्हिडीओ कॉल असतो. फोन नातवाच्या हातात असतो, म्हणून मला रोज त्यांच्या घरातला पंखा दिसतो आणि कधी नशीब असलं तर नातवाची एक नाकपुडी. त्या पंख्याच्या पात्यावरची धूळ मी ओळखतो. पंख्यामागून बायको विचारते, “जेवले का?” मी म्हणतो, जेवलो, पुरण होतं. पुरण कुठलं.

ग्रुप निघाला तेव्हा बूथच्या जुन्या वहीतले सगळे नंबर माझ्याकडे, म्हणून मी अ‍ॅडमिन. गावात राहणारे थोडे, गावाबाहेर गेलेले फार. दिवसाला तीनशे मेसेज यायचे. गुलाबाची फुलं, देव, चहाचे कप ज्यातून खोटी वाफ निघते. फुलांनी माझा मोबाईल इतका भरला की खिशात ठेवला तर मधमाश्या यायच्या. पण तीनशे मेसेजमध्ये कुणाचा आवाज नव्हता.

शेजाऱ्याला लिहिण्यावाचण्याचा कंटाळा. त्याला मी माईकचं बटण दाखवलं. अंगठा दाबून धर, बोल, सोड. बस, त्या दिवसापासून तो रोज दुपारी साडेबाराला टाकीच्या चौथ्या पायरीवर जायला लागला. रेंजही तिथंच चांगली. मोबाईल हातभर लांब धरायचा आणि द्यायचा सोडून, “ओऽऽ ऐकाऽऽ. सोयाबीन पिवळं पडून राह्यलंऽऽ. खालच्या वस्तीची म्हैस व्यालीऽऽ, रेडा झालाऽऽ.” ग्रुपातली माणसं पुण्याला, सुरतेला, कुठं कुठं, मग आवाजही तेवढ्या लांबचा. रोज पाच मिनिटं, तुकड्या तुकड्यानं, आणि शेवट ठरलेला. “सगळे बरे हायेऽऽ. जेवून घ्याऽऽ.”

मी ताट वाढून घ्यायचो, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवायचो आणि त्याचं ऐकत जेवायचो. वास्तविक टाकीवरची हाक खिडकीतूनही यायची, आणि अर्ध्या मिनिटानं तीच तांब्याजवळून यायची. दोन दोन शेजारी मला जेवायला सोबत करायचे.

गावाबाहेरच्या पोरांना हे झेपेना. एकानं ऑफिसात चुकून लावलं तर म्हणे साहेबाच्या हातातला कप पडला. एकाचं बाळ उठलं. सतरा जणांनी मला लिहिलं, काका, त्यांना काढा नाही तर आम्ही निघतो. सतरा जण. मी हिशेब केला नाही, मी घाबरलो. बूथ गेला, ओटा गेला, बायको पंख्यामागं गेली, आता ग्रुपही रिकामा झाला तर माझ्या खिशात काय वाजणार? समोर जाऊन ‘जरा हळू बोल’ म्हणायला गल्ली ओलांडावी लागली असती. मी त्याच्या नावावर बोट दाबून धरलं. मोबाईलनं विचारलं, काढायचं? मी हो म्हणालो.

‘हळू बोल’ हे शब्द त्याला सांगायचे नव्हते याला कारण होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं. त्याचा एकुलता एक पोरगा पुण्याच्या पलीकडं एका कारखान्यात आहे. तीन वर्षांपूर्वी हा त्याच्याकडे राहायला गेला होता, महिनाभर म्हणून. दुसऱ्या दिवशी कारखान्यातले चार जण घरी आले, ह्यानं आपल्या रीतीनं त्यांचं स्वागत केलं, आणि पोरगा त्यांच्यासमोर म्हणाला, “बाबा, हळू बोला, लोक बघतात.” तो तिसऱ्या दिवशी एसटीनं परत आला. तेव्हापासून बापानं पोराला फोन लावला नाही आणि पोरानं बापाला. दोघांचे नंबर एकाच ठिकाणी उरले होते, गावाच्या ग्रुपात.

हे सगळं माहीत असून मी बटण दाबलं. साडेबारालाच तो का बोलतो, हे मात्र माहीत नव्हतं.

पुढचे आठ दिवस टाकीवर कुणी चढलं नाही. मी ताट घेऊन बसायचो आणि मला माझ्याच दाताखाली भाकरी मोडण्याचा आवाज ऐकू यायचा. सत्तावन्न दातांचा आवाज होता तो. मला तेवढे नाहीत, पण रिकाम्या घरात वाढतात. ग्रुपवर फुलं येत होती. सतरा जणांनी आभाराचे हात जोडले होते. शेजारी गल्लीत दिसायचा, मान हलवायचा, पण जागा झाली का असं त्यानं एकदाही विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर मी आणखी एक थाप मारली असती. दोन तयार होत्या.

नवव्या दिवशी जेवताना मोबाईल वाजला. फुलाचा नव्हे, खरा वाजला. शेजाऱ्याचा पोरगा होता.

“काका, बाबांचा आवाज येऊन नाही राह्यला ग्रुपवर. बरे हायेत ना?”

“बरा हाय.”

“आठ दिवस झाले.” मागून भांड्यांचा आणि माणसांचा गलबला येत होता. “आमची साडेबाराले सुट्टी असते, बाबांले माहीत हाय. मी डबा उघडला का त्याइचं लावतो. फुल आवाजात. आता इथं सगळेच ऐकतात. बिहारचा एक हाय, तो रोज विचारते, आज बाबा नही बोले?”

“मंग त्याले फोन काहून नाही लावत तू?”

तो गलबल्यातून जरा बाजूला आला.

“कसा लावू काका. मीच हळू बोला म्हनलो होतो.” मग म्हणाला, “तुमी सांगा ना. मी ऐकतो म्हनून सांगा.” भोंगा वाजला आणि फोन बंद झाला.

मी ताट बाजूला सारलं. बारा वर्षं मी निरोप वाहिले, पण असा एकही नव्हता ज्यात मला काही घालावं लागलं नाही. हा आयता पिकलेला होता. मी आधी ग्रुप उघडला आणि शेजाऱ्याला परत आत घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे, टाकीकडे गेलो, चौथ्या पायरीवर चढलो आणि दोन्ही हात तोंडाला लावून हाक दिली, “ओऽऽ, पोराचा फोन आलाऽऽ.” हाक आमच्या कोंबड्यांपर्यंत गेली. एक शेळी वर बघून परत खायला लागली. रस्त्यानं जाणारे दोघं कानाला मोबाईल लावून तसेच गेले. मी बराच वेळ ओ येण्याची वाट पाहिली, मग गुडघे सांभाळत उतरलो.

तो अंगणात बसून तूर निवडत होता. मी समोर बसलो.

“मीच काढलं होतं तुले,” मी म्हणालो. “कंपनी बिंपनी काही नाही.”

“माहीत हाय. हॉटेलात वाचून घेतलं होतं तुयाकडं येच्या आंधी. तुयं नाव लिवलं होतं तिथं.”

म्हणजे दारात ओरडत होता तेव्हाही माहीत होतं, आणि मेडशीचे चार न् वाशीमचा वकील त्यानं तसाच ऐकून घेतला होता. मी थोडा वेळ त्याच्या सुपातली तूर निवडली. मग सांगितलं. पोराचा फोन आला होता. साडेबाराला त्याची सुट्टी होते. डबा उघडला की तो तुझं लावतो, फुल आवाजात, सगळ्यांसमोर. बिहारचा एक जण रोज विचारतो. हळू बोला म्हणालो होतो म्हणून फोन लावायची हिंमत होत नाही त्याची. मी ऐकतो म्हणून सांगा, असं म्हणाला.

सांगताना माझा आवाज कापला, आणि मलाच जाणवलं की लाडवाच्या गोष्टीतही तो नेमका इथंच कापायचा.

मी मोबाईल पुढं केला. “हे पाय, त्याचा नंबर. साडेबारा वाजून सात मिनिटांनी आलता. तूच लाव.”

त्यानं नंबराकडे पाहिलं. मोबाईल हातात घेतला नाही. एक खडा वेचून बाजूला टाकला, सूप जमिनीवर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाला,

“याच्यातलं त्याचं किती आन तुयं किती?”